अ‍ॅल्युमिनियम कापायला मी हातकरवतच का निवडली

भुसावळात एप्रिल लागला की खिडक्या लावून झोपणं होत नाही, आणि उघड्या ठेवल्या तर डास. म्हणून यंदा जाळीच्या फ्रेमी घरीच करायला घेतल्या. अ‍ॅल्युमिनियमचा पोकळ चौकोनी पाइप आणला, जाडी जेमतेम सव्वा मिलिमीटर. आता तो कापायचा कशानं?

घरात चकती फिरवून कापणारा ग्राइंडर होताच. दुकानदार म्हणाला, "लोखंडाची चकती लाव भो, फटक्यात होईल." ती मी घेतली नाही, आणि कुणी घेऊही नये. लोखंड वितळतं १५०० अंशांच्या पुढे, अ‍ॅल्युमिनियम ६६० लाच. घासून तापलं की ते मऊ पडतं आणि चकतीच्या खरखरीत जाऊन बसतं. मग चकती कापायचं सोडून नुसती घासत राहते, आणखी तापते. अशी चकती फुटूही शकते.

फॅब्रिकेटरकडचं कार्बाइडच्या (फार कठीण मालाच्या) दातांचं मशीन यासाठी सगळ्यात उत्तम. त्याच्या पात्याला दात पुष्कळ आणि मागे कललेले असतात, म्हणून ते माल ओढत नाही. लाकडाचं पातं पुढे कललेल्या दातांचं. ते पातळ पाइप हिसकावतं. पण एका घराच्या खिडक्यांसाठी एवढं मशीन घेणं मला पटेना. जिगसॉ, म्हणजे पातं वरखाली हलणारी विजेची करवत, पत्र्याला चांगला, पाइपावर मात्र थरथरतो.

राहिली साधी हॅक्सॉ, म्हणजे धातू कापायची हातकरवत. तिथं खरी निवड पात्याची. कापताना धातूच्या जाडीत निदान तीन दात टेकलेले हवेत, नाहीतर दात कडेला अडकून तुटतात. इंचाला २४ दात म्हणजे दोन दातांत सुमारे एक मिलिमीटर अंतर. माझ्या पाइपाला ते विरळच. म्हणून ३२ दातांचं पातं घेतलं. तेही सरळ धरलं तर दीडच दात टेकतो, म्हणून करवत तिरकी धरून कापलं, म्हणजे जास्त दात टेकतात. आत बेताचा लाकडी तुकडा सारला की पाइप चेपत नाही. पात्याच्या दातांचं तोंड मुठीपासून पुढे, पात्याला मेणबत्ती घासलेली, डोळ्यांवर चष्मा. कडा घासायच्या कानशीलाही (फाइलला) आधी खडू लावला, नाहीतर तिच्या दातांत अ‍ॅल्युमिनियम भरतं.

कोपऱ्यांचे ४५ अंशांचे काप लाकडी मायटर बॉक्समध्ये, म्हणजे कोनात करवत चालवायच्या खाचा असलेल्या पेटीत, धरून घेतले. भरीव जाड सळई कापायची असेल, तर मात्र हेच पातं लावू नका. चुरा दातांत अडकून बसतो. तिथं १८ दातांचं घ्या.