आजार दिसत नव्हता, पट्टे दिसत होते

नवजात बाळाचा खुबा जागेवर नसला तरी बाळाला काहीही दुखत नाही. ते नीट दूध पिते, शांत झोपते, पाय झाडते, त्याचे वजनही वाढते. आमच्या मुलीचे अगदी तसेच होते आणि म्हणूनच तिच्या उपचाराचा काळ सगळ्या घराला जड गेला. तिचा आजार कुणालाच दिसत नव्हता. खांद्यापासून पावलांपर्यंत बांधलेले पट्टे मात्र उंबरठ्यावर आलेल्या प्रत्येकाला दिसत होते. देवगडजवळच्या आमच्या वाडीत बाळ बघायला सगळी घरे येतात, आणि आलेली प्रत्येक बाई पाळण्यात डोकावून आधी "काय झालां गो चेडवाक?" असे विचारी आणि मग हळूच, "थोडा वेळ तरी सोडून ठेव," असे सुचवी. त्या बोलण्यात निव्वळ माया होती, आणि मायेला नकार देणे हेच या उपचारातले सर्वांत कठीण काम आहे असे माझे मत झाले आहे.

मुलगी शेवटपर्यंत पोटात उलटी होती. बूड खाली, गुडघे सरळ आणि पावले तोंडापाशी, अशी ती सोनोग्राफीत दिसायची. सिझेरियन झाले तरी सासूबाईंनी तिला पायाळूच ठरवले आणि मोठी झाल्यावर हिची लाथ लागली की लचकलेल्या कमरा मोकळ्या होतील, असे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगत. खुब्याचा हा दोष ज्या बाळांत अधिक आढळतो त्यांच्या बहुतेक खुणा आमच्याकडे जमून आल्या होत्या: पोटात उलटे असणे, मुलगी असणे, पहिलटकरणीचे मूल असणे. तो डाव्या बाजूला अधिक दिसतो, आणि हिचाही डावाच होता. बालरोगतज्ज्ञांनी तपासताना तिचे गुडघे दुमडून मांड्या अलगद बाहेरच्या बाजूला नेल्या, तेव्हा डाव्या खुब्यात त्यांच्या बोटांना खटका जाणवला. मारिनो ऑर्टोलानी या इटालियन बालरोगतज्ज्ञांच्या नावाने ही तपासणी ओळखली जाते. त्यांनी तिचे वर्णन १९३७ मध्ये केले, आणि आजही तिला दोन जाणते हात आणि शांत बाळ याखेरीज काही लागत नाही.

खुब्याचा सांधा उखळीचा असतो, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातल्या खोलगट वाटीत बसतो आणि फिरतो. तान्ह्या बाळात ही वाटी पूर्ण घडलेली नसते; माथा तिच्यात नीट टेकून राहिला तरच ती त्याच्याभोवती खोल होत जाते. माथा निसटता राहिला तर वाटी उथळ राहते, आणि वाटी उथळ राहिली की माथा आणखी निसटतो. डॉक्टरांनी हे सांगितले तेव्हा सारा उपचार कशासाठी आहे ते मला एकदम उमगले. माथा वाटीत ठेवायचा आणि वाटीला घडायला वेळ द्यायचा, एवढेच करायचे असते, परंतु त्यासाठीचा काळ थोडा असतो. साधारण सहा महिन्यांच्या आत निदान झाले तर बहुतेकदा पट्ट्यांवर भागते. त्यानंतर भूल देऊन सांधा बसवावा लागतो आणि कमरेपासून पायांपर्यंत काही महिने प्लास्टर घालावे लागते. मूल चालायला लागल्यावर, म्हणजे त्याचे लंगडणे दिसल्यावर कळले, तर बहुधा शस्त्रक्रियाच करावी लागते.

पुढच्या तपासण्यांसाठी आम्ही फोंडाघाटातून कोल्हापूरला जात असू. एवढ्या लहान बाळात मांडीच्या हाडाचा माथा कूर्चेचा असतो आणि कूर्चा एक्स-रेत उमटत नाही, म्हणून पहिल्या काही महिन्यांत खुब्याची सोनोग्राफी करतात. ऑस्ट्रियाचे डॉक्टर राइनहार्ड ग्राफ यांनी बसवलेल्या पद्धतीत वाटीच्या छताचा कोन मोजतात. तो ६० अंश किंवा अधिक असला की वाटी चांगली घडलेली समजतात. हिचा उजवा कोन चांगला होता, डावा बराच कमी होता. पडद्यावरच्या त्या करड्या रेषांकडे बघताना, जे मला तिच्या गुबगुबीत मांडीकडे पाहून कधीच कळले नसते, ते प्रथम डोळ्यांना दिसले. मी तो कागद घरी आणून सासूबाईंना दाखवला. पुढच्या दिवसांत माझ्या शब्दांहून त्या कागदाचाच उपयोग अधिक झाला.

तिला जो पट्टा बांधला त्याला पाव्लिक हार्नेस म्हणतात. छातीभोवती एक रुंद पट्टा, खांद्यांवरून येणारे दोन, पावलांना मऊ मोजड्या, आणि मोजड्यांना छातीशी जोडणारे पुढचे व मागचे पट्टे, अशी त्याची रचना असते. पुढचे पट्टे मांड्या पोटाकडे वर धरून ठेवतात. मागचे पट्टे पाय एकमेकांजवळ येऊ देत नाहीत, पण ते पाय ओढून फाकवतही नाहीत, आणि हा भेद घरातल्या प्रत्येकाला समजणे आवश्यक असते. अर्नोल्ड पाव्लिक या झेक अस्थितज्ज्ञांनी १९४० च्या दशकात हे साधन आणले. त्याआधी बाळांचे पाय जबरीने फाकवून ताठ बांधून ठेवत, आणि त्या दाबाने हाडाच्या माथ्याचा रक्तपुरवठा तुटून तो कायमचा खराब होण्याचे प्रमाण मोठे होते. बाळाने हालचाल करत राहावे आणि त्या हालचालीनेच सांधा जागेवर बसावा, हा पाव्लिक यांचा विचार मला फार मोलाचा वाटतो. माझी मुलगी त्या पट्ट्यांत जखडलेली नव्हती, ती दिवसभर पाय हलवत होती.

त्या हलण्याकडे लक्ष ठेवण्याचे काम माझ्याकडे होते. मांड्या प्रमाणाबाहेर वर ओढल्या गेल्या तर मांडीच्या पुढच्या बाजूच्या नसेवर दाब येतो आणि बाळ गुडघा सरळ करेनासे होते. तसे दिसले तर त्याच दिवशी फोन करा, असे डॉक्टरांनी बजावले होते. म्हणून रोज सकाळी मी तिच्या डाव्या तळव्याला बोटाने गुदगुल्या करी आणि गुडघा ताणून पाय पुढे फेकला जातो का ते पाही. तो पाय माझ्या मनगटावर आपटला की मग मी चहा प्यायला जात असे. पट्टे किती ओढायचे त्याच्या खुणा डॉक्टरांनी न पुसणाऱ्या पेनाने त्या पट्ट्यांवरच करून दिल्या होत्या, आणि बाळ वाढेल तशा त्या तेच बदलत. घरी कुणी बंद सैल किंवा घट्ट करायचा नव्हता.

न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशींना हे पटवणे सोपे नव्हते. त्यांच्या हाताखालून वाडीतली दोन पिढ्यांची बाळे गेलेली आहेत. तेलाने चोळून झाल्यावर बाळाला पायांवर घेऊन त्याचे पाय सरळ ओढायचे, हा त्यांच्या कामातला ठरलेला भाग. "चेडवाचे पाय ओढूचे नाय, तर सरळ कशे होतले?" असे त्यांनी मला विचारले, आणि तो प्रश्न त्यांच्या अनुभवाला धरून होता. मी त्यांना वाद घालून उत्तर दिले नाही. पुढच्या तपासणीला त्यांना गाडीत बसवून बरोबर नेले. डॉक्टरांनी त्यांचा हात आपल्या हातात घेऊन, पाय सरळ जवळ आणला की माथा कुठे सरकतो ते त्यांना पडद्यावर दाखवले. त्या दिवसापासून अंग कोमट पाण्याने पुसून घेणे, टाळू भरणे, हातांना आणि पाठीला पट्ट्यांपासून दूर राहून तेल लावणे, हे सगळे मावशींनीच हाती घेतले, आणि लंगोट बदलताना कुणी तिचे दोन्ही घोटे धरून उचलू लागले की त्याच ओरडत. बुडाखाली हात घालून उचलायचे असते.

उन्हाळ्याचा त्रास मात्र खरा होता. हापूसच्या तोडणीचे दिवस, अंगणात पेट्या भरण्याची गडबड, दुपारी लाईट गेलेली आणि समुद्रावरून येणारी दमट हवा. अशा वेळी पट्ट्यांखाली मऊ सुती झबले आणि पायांत लांब मोजे घालावेच लागतात, नाहीतर कातडी घासते. जांघेतल्या आणि गुडघ्यामागच्या घड्या दिवसातून अनेकदा उघडून, पुसून कोरड्या ठेवाव्या लागत. पावडर मी वापरली नाही, कारण घामात तिचा गोळा होऊन घडीत बसतो. पाऊस सुरू झाल्यावर कपडे वाळेनात, तेव्हा झबली चुलीपाशी दोरीवर टाकत होतो.

या काळात आपल्या घरातल्या काही सवयी मी नव्याने पाहिल्या. बाळाचे पाय सरळ जुळवून दुपट्यात घट्ट बांधले की ते शांत झोपते हे खरे आहे, परंतु कोवळ्या खुब्यासाठी ती स्थिती वाईट असते. जपानमध्ये १९७५ च्या सुमारास बाळांचे पाय असे सरळ बांधू नयेत म्हणून मोहीम झाली आणि त्यानंतर तिथे हा दोष पुष्कळ कमी झाला. छाती-हात गुंडाळावेत, पण पाय दुपट्यात मोकळे, दुमडलेले राहू द्यावेत. झोळीतही मांड्या जवळ येतात, म्हणून आम्ही सपाट तळाचा पाळणाच वापरला. याउलट मूल कडेवर घेण्याची आपली पद्धत, म्हणजे मांड्या फाकवून आईच्या कमरेला बिलगून बसवणे, खुब्यासाठी उत्तम असते. सासूबाईंना हे कळले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. आपल्या हातून नातीसाठी औषधासारखे काही होऊ शकते, याचा तो आनंद होता. मान धरू लागल्यावर ती बहुतेक त्यांच्याच कडेवर असे.

पट्टे एकदम निघाले नाहीत. सोनोग्राफीत कोन सुधारल्यावर आधी दिवसाचे काही तास मोकळे, मग केवळ रात्री, असे करत ते बंद झाले. पहिल्यांदा मोकळी केली तेव्हाही ती बेडकासारखीच पाय दुमडून पडून राहिली, आणि मावशींनी पाय सरळ करायला हात लावला नाही.

ज्यांच्या घरी आता बाळ यायचे आहे त्यांना मी एवढे सांगते की, बाळ पोटात उलटे असेल किंवा आईवडील-भावंडांपैकी कुणाला हा दोष असेल, तर जन्मानंतरच्या तपासणीत काही आढळले नाही तरी सहा आठवड्यांच्या सुमारास खुब्याची सोनोग्राफी करवून घ्या. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ज्या जन्मजात दोषांसाठी बाळे तपासतात, त्यांत हा दोषही आहे. गावात घरी येणाऱ्या आशाताईंना त्याबद्दल विचारता येते. एका मांडीवर घड्या जास्त दिसणे, लंगोट बदलताना एक पाय कमी उघडणे, गुडघे दुमडल्यावर एक गुडघा खाली राहणे, यांपैकी काही दिसले तर थांबू नये.

मुलगी आता भिंतीला धरून उभी राहते. चालायला लागल्यावर पुन्हा एक्स-रे काढायचा आहे आणि त्यानंतर ती वाढते आहे तोवर ठरावीक अंतराने काढत राहायचे आहेत, कारण सुधारलेली वाटी पुढेही नीट घडत आहे ना, हे पाहावे लागते. तिचे सगळे कागद मी एका फाईलमध्ये क्रमाने लावले आहेत. पुढे तिला भाऊ किंवा बहीण झाली, तर बाळ पोटात सरळ असले तरी त्याचीही सोनोग्राफी करायची, हे फाईलच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवले आहे.