अंदमानची फेरी: आभाळ नका पाहू, वारा अन् लाट पाहा

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीकडून अंदमानला जाणारे तसे कमीच. यंदा धान चुरून झाल्याबरोबर डिसेंबरात आम्ही जाऊन आलो, आई, बायको, ताई अन् भाऊजी असे सगळे मिळून, आणि आल्यापासून गावात जो तो एकच विचारून राहिला, "तिकडं पाणी लागलं का?" लागलं ना, दोनदा पावसानं चांगलं झोडपलं, पण पाण्यानं तिकडं काही अडत नाही. अडते ते वाऱ्यानं अन् लाटेनं, म्हणून जरा सविस्तर लिहितो, पुढं जाणाऱ्याच्या कामी येईल.

जायचं कसं ते आधी सांगून टाकतो. बल्लारशाहून चेन्नईची गाडी, एक रात्र गाडीत, मग विमानानं दोन-सव्वादोन तासात पोर्ट ब्लेअर (२०२४ पासून नाव श्री विजयपुरम). जहाजही जाते पण तीनेक दिवस लागतात, म्हाताऱ्या माणसाला घेऊन त्या भानगडीत पडू नका.

खरी गोष्ट पोर्ट ब्लेअरपासून पुढं सुरू होते, कारण हॅवलॉक अन् नील ही बेटं बोटीनंच करावी लागतात आणि बोट सुटणार की नाही हे समुद्र ठरवतो. निघायच्या आठवडाभर आधीपासून मी रोज हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा पाहत होतो. त्यात शहराचा अंदाज नसतो, समुद्राचे भाग पाडलेले असतात, उत्तर अंदमान समुद्र, दक्षिण अंदमान समुद्र, बंगालच्या उपसागराचा आग्नेय भाग असे, आणि प्रत्येकाला वारा किती ते लिहिलेलं असते. "ताशी ३५ ते ४५ किमी, झोत ५५ पर्यंत" असं वाक्य दिसलं की समजायचं, वादळ नाही, पण लहान बोटी बंद राहू शकतात. बातम्यांत 'कमी दाबाचा पट्टा' ऐकून आपण घाबरतो किंवा मग काहीच मनावर घेत नाही, तर त्याच्या पायऱ्या ध्यानात ठेवा: वारा ताशी ३१ किमी झाला की डिप्रेशन, ५० ला डीप डिप्रेशन, ६२ झाला की चक्रीवादळ आणि तेव्हाच त्याला नाव मिळते. म्हणजे नाव पडायच्या कितीतरी आधी तुमची बोट रद्द झालेली असते. २०१६ च्या डिसेंबरात हेच झालं होतं, हॅवलॉक अन् नीलवर हजारावर पर्यटक अडकले, नौदलाच्या जहाजांनी त्यांना बाहेर काढलं, आणि तीच कमी दाबाची सिस्टीम पुढं वरदा नावानं १२ डिसेंबरला चेन्नईवर आदळली.

दुसरं म्हणजे हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा समुद्राचा अंदाज. फुकट आहे, मोबाईलवर दिसते, आणि माझ्या मते अंदमानला जाणाऱ्यानं हॉटेलाच्या फोटोआधी हे पाहावं. लाटेची उंची दिलेली असते मीटरमध्ये, पण ती सगळ्यात मोठ्या लाटेची नसते, सगळ्या लाटांतल्या वरच्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते, त्यामुळं २ मीटर लिहिलं असलं तर मधूनच एखादी साडेतीन-चार मीटरचीही येऊ शकते. आणि उंचीसोबत सेकंद पाहा, म्हणजे एका लाटेनंतर दुसरी किती वेळानं येते ते. पाच-सहा सेकंद असले की बोट आपटत चालते, पोट ढवळून निघते. बारा-चौदा सेकंद असले तर बोट सावकाश वर जाते सावकाश खाली येते, भर समुद्रात त्रास कमी, पण तीच लाट किनाऱ्यावर अन् जेट्टीवर लई जोर करते.

हे नीलच्या जेट्टीवर डोळ्यानं पाहिलं. लख्ख ऊन, झाडाचं पान हलत नव्हतं, आणि बोट बांधल्या जागी वर-खाली होत होती, टायर जेट्टीच्या भिंतीला घासून किरकिर आवाज, जाडजूड दोर घडीत ताठ घडीत ढिला, आणि चढायची फळी पुढं-मागं सरकून राहिली. दोन पोरं फळीच्या दोन्ही टोकाला उभी होती, बोट वर आली की माणसाला दंडाला धरून आत ओढायची, खाली गेली की थांबवायची. आईला चढवलं तेव्हा ताईनं डोळेच मिटून घेतले. भाऊजी म्हणाले, वारा नाही तर ही लाट आली कुठून? तर ही दूरच्या वाऱ्याची लाट, स्वेल म्हणतात. आपल्या मामा तलावात (माजी मालगुजारी तलाव) त्या टोकाला दगड पडला तरी पाळीपाशी पाणी हलते, तसं. केरळच्या किनाऱ्यावर तर थेट दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांच्या लाटा हजारो किलोमीटर पार करून येतात, वर आभाळ निरभ्र असताना घरात पाणी घुसते.

दुसऱ्या दिवशी वारा वाढला आणि बोटी बंद. आम्ही परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा सोडला होता म्हणून निवांत राहिलो, बाजूच्या खोलीतल्या नागपूरच्या एका कुटुंबाचं विमान मात्र हुकलं. तर राजेहो, हा मोकळा दिवस धराच, आणि तो पोर्ट ब्लेअरमध्ये शेवटी धरा, बेटं आधी उरकून घ्या, सेल्युलर जेल शेवटी ठेवलं तरी चालते, तिथं बोट लागत नाही. सकाळची पहिली बोट घ्या. बसायला खालचा मजला, मधली जागा. उलटीची गोळी बोट हालायला लागल्यावर नाही, सुटायच्या अर्धा-पाऊण तास आधी, आणि बीपी-शुगरवाल्यांनी डॉक्टरला विचारूनच. आईनं गोळीही घेतली अन् तोंडात आवळासुपारीही धरली, तिला काही झालं नाही. नेटवर्क मधूनमधून जाते, म्हणून अंदाजाचे स्क्रीनशॉट रात्रीच काढून ठेवा अन् रोख पैसे जवळ ठेवा.

महिना कोणता, तर आपल्या धानवाल्यांना डिसेंबर सोयीचा पडते पण ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरात वादळांचाच काळ. ज्या सिस्टीममुळं आपल्याकडं कापून ठेवलेल्या धानाच्या कडपा भिजतात, पुंजणे (धानाचे रचलेले ढीग) झाकायला रातोरात ताडपत्री शोधावी लागते, त्यातल्या किती तरी तिकडूनच उठतात. आणि जुलै-ऑगस्टात रोवणीला जे पाणी मिळते तेही बहुतेक याच उपसागरातल्या कमी दाबाचं, ओडिशा-छत्तीसगडवरून आपल्याकडं सरकत आलेलं. म्हणून म्हणतो, कास्तकारानं उपसागराचा हा अंदाज एरवीही पाहायची सवय लावावी, फिरायला जायचं नसलं तरी. फिरायला मात्र फेब्रुवारी-मार्च बरा, समुद्र शांत असते आणि वावरातलंही काम हलकं असते.

आणखी एक, नीलचा निसर्गानंच घडवलेला दगडी पूल पाहायचा असेल तर ओहोटी पाहिजे, भरतीत तिथवर जाता येत नाही. ओहोटीची वेळ रोज साधारण पाऊण-एक तास पुढं सरकते, अमावस्या-पौर्णिमेला पाणी जास्त मागं जाते, त्यामुळं हॉटेलवाल्याला आदल्या रात्री वेळ विचारून ठेवा. सूर्य तिकडं हिवाळ्यात पाचच्या आसपास बुडते, म्हणून दुपारची ओहोटी असली तर लवकर निघा, आणि पायात रबरी पट्ट्याच्या चपला घाला, दगड धारदार अन् निसरडे आहेत.