आवाज गोड, पण ओढायला अवघड

शनिवार, रात्री

आज दिवसभर इथे इंग्लंडमध्ये परक्या चर्चच्या टॉवरांत घंटा वाजवून आले. दंड भरून आलेत, तळहात लाल झालेत. तरी झोपायच्या आधी लिहून टाकते. उद्या सकाळी प्रार्थनेआधी आमच्या नेहमीच्या दोरापाशी उभी राहिले की आजचा फरक हातातून पुसला जाणार.

दिवसातला सगळ्यात सुंदर आवाज एका खेड्यातल्या पाचव्या घंटेचा होता. आणि ओढायला सगळ्यात त्रासदायक तीच. दुसरी तुकडी वाजवत होती तेव्हा मी बाहेर थडग्यांमधल्या बाकावर बसून ऐकत होते. ती पाचवी वाजली की बाकीच्या क्षणभर विसरायला व्हायच्या, इतका भरदार, गोल आवाज. कधी एकदा हातात येते असं झालं होतं. मग पाळी आली. दोन-चार टोल्यांतच कळलं की सॅलीच्या, म्हणजे दोरावरची लोकरीची मूठ धरून ओढायच्या, वेळेला बाईसाहेब शहाण्यासारख्या वर जाऊन थांबतात, पण परतीच्या टोल्याला तोलापर्यंत पोचायच्या आधीच अंग टाकतात. म्हणजे आधीच्या ओढीत दुप्पट जोर घालायचा, तेव्हा कुठे परतीला ती नीट चढणार. दहा मिनिटांत जीव मेटाकुटीला आला. बाहेर बाकावर आता दुसरं कोणीतरी बसून म्हणत असणार, काय सुरेख घंटा आहे!

आईला मी हे सगळं फोनवर सांगते तेव्हा ती म्हणते, "अगं, घंटा बडवायला एवढं काय शिकायचं?" तिच्या डोळ्यांसमोर देवळातली घंटा असते, आणि देवळातल्या घंटेपुरतं तिचं बरोबरच आहे. तिथे घंटा जागेवर असते, आपण लोलक हलवतो. इंग्लंडमध्ये पाच हजारांहून जास्त टॉवरांत घंटा पूर्ण चाकाला जोडलेल्या असतात. वाजवायला सुरुवात करण्याआधी झोके देत देत प्रत्येक घंटा उलटी, तोंड आकाशाकडे करून उभी करतात. मग दोराला जरासा हात दिला की शेकडो किलोंची ती वस्तू तोल सोडते, जवळजवळ पूर्ण गोल फिरते आणि पुन्हा तोंड वर करून उभी राहते. एका फेरीला एक टोला. लाल-पांढऱ्या-निळ्या लोकरीची जाड सॅली धरून ओढायची, ती सोडून द्यायची, दोराचं शेपूट हातात ठेवून हात पूर्ण वर जाऊ द्यायचे, मग तिथून परतीची ओढ, आणि खाली येणारी सॅली पुन्हा पकडायची. झोपाळा अगदी वर गेल्यावर क्षणभर रेंगाळतो ना, ते रेंगाळणं किती लांबवायचं, एवढंच आपल्या हातात असतं. फार लांबवलं तर वर ॲश लाकडाचा एक दांडा असतो, स्टे, तो आडवा येतो. त्याहून जोर लावला की तो मोडतो. मोडावा म्हणूनच तो लाकडाचा असतो. मोडला की दोर सोडायचा, दोराबरोबर वर जायचं नाही. हे नवशिक्याला पहिल्याच दिवशी बजावतात.

ही सगळी कला वजनाने घडवलेली आहे असं माझं मत होत चाललंय. घंटेला ताल हवा तसा वळवता येत नाही. फार तर एका फेरीत ती एक जागा आधी किंवा एक जागा नंतर वाजू शकते. त्यामुळे सूर वाजवायच्या भानगडीत कोणी पडलंच नाही, सतराव्या शतकापासून हे लोक क्रम बदलत बसलेत. सहा घंटांचे 720 क्रम, सातांचे 5040, आणि त्या 5040 ला तीन तासांच्या आसपास लागतात. आठांचे 40,320. ते सगळे 1963 मध्ये लफबरोच्या घंटा-कारखान्याच्या टॉवरमध्ये आठ जणांनी न थांबता वाजवले, 17 तास 58 मिनिटं! पाणी प्यायला हात कधी सोडला असेल हा प्रश्न मला आकड्यापेक्षा जास्त छळतो.

वजनाचीच दुसरी गंमत वेळेत आहे. दोर ओढल्याबरोबर टोला पडत नाही. घंटा फिरून पलीकडच्या बाजूने चढायला लागते तेव्हा लोलक आदळतो. म्हणजे आपण नेहमी पुढचा आवाज ओढत असतो. त्यात सगळ्यात बारकी घंटा, ट्रेबल, चटकन फिरते आणि सगळ्यात जाडजूड, टेनर, सावकाश, म्हणून टेनरवाल्याने आधीच्या दोराच्या जवळजवळ पाठोपाठच ओढायचं, तेव्हा बाहेर टोले सारख्या अंतराने ऐकू येतात. डोळ्यांनी दोर बघितले तर अंतरं वाकडीतिकडी दिसतात, कानाला सरळ. आज एका टॉवरला रिंगिंग रूम, म्हणजे दोर ओढायची खोली, आणि घंटा यांच्या मध्ये दोन मजले होते. खाली नुसती धपधप, आवाजाचा पत्ताच नाही. तिथे सत्तरी ओलांडलेल्या एक बाई टेनरवर होत्या, चणीने माझ्याहून लहान, पायाखाली लाकडी खोकं. त्यांना विचारलं, ऐकू येत नाही तर जमवता कसं? त्यांनी मान न वळवता उत्तर दिलं, "पाठीतून." दोराचा ताण पाठीत उतरतो तेव्हाच त्यांना टोला कधी पडणार ते कळतं. त्यांचा एकही टोला मागेपुढे झाला नाही.

आवाजाबद्दलही लिहून ठेवते, कारण आज जेवताना वाद झाला. आठ घंटा ओळीने वाजतात तेव्हा उतरता बिलावल ऐकू येतो, सा नी ध प म ग रे सा, सगळे शुद्ध. पण एकेक घंटा सुटी ऐकली तर तिच्या पोटात खर्जाचा सा, मधला सा, पंचम, वरचा सा आणि कोमल गंधार असतो. प्रत्येकीत कोमल गंधार! म्हणजे एकीकडे शुद्ध गंधाराची घंटा वाजतेय आणि तिच्या आजूबाजूला सगळ्याजणी आपापला कोमल गंधार घेऊन घुमतायत. आपल्याकडच्या कुठल्याही गायकाने कानावर हात ठेवला असता. मला ते आवडतं. उत्सवाला वाजवल्या तरी त्यांच्यात एक उदासी राहतेच, ती बहुधा इथून येते. आणखी एक चमत्कारिक गोष्ट म्हणजे आपण घंटेचा म्हणून जो सूर गुणगुणतो तो धातूत वेगळा असा कंपतच नसतो, वरच्या सुरांवरून आपला कान तो जुळवतो.

हे आतले पाच सूर एकमेकांशी नीट जुळवायचं काम लफबरोच्या टेलर या घंटा ओतणाऱ्या कारखान्याने 1896 पासून सुरू केलं. आर्थर सिम्पसन नावाच्या पाद्र्याने त्याआधी त्यावर चिकाटीने लिहिलं होतं. घंटा उलटी चरकावर बसवून आतून धातू खरवडतात. खरवडलेला परत चिकटवता येत नाही. त्याआधीच्या घंटांत खर्ज कुठेतरी भलतीकडेच असतो, आणि काही लोकांचा जीव नेमका त्याच बेसूरपणावर जडलेला असतो.

पुण्याला पंचहौदच्या चर्चच्या उंच मनोऱ्यात इंग्लंडहून आणलेल्या आठ घंटा आहेत. तिथल्या मिशनमध्ये चहा घेतल्याचं टिळक-रानड्यांचं प्रकरण आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं, पण त्या मनोऱ्याकडे मान वर करून कोणी बघितलं नाही, मीही नाही. भीमाशंकरला मात्र सगळे गेलोय, आणि चिमाजी अप्पांनी 1739 ला वसई घेतल्यावर आणलेली तिथली पोर्तुगीज घंटा प्रत्येकाने दाखवली आहे.

जेवतानाचा वाद आमच्याच टॉवरचा होता. आमची तिसरी घंटा जुनी आहे, आवाज पत्र्यासारखा. थोडे पैसे जमलेत. काहींचं म्हणणं, ती उतरवून लफबरोला पाठवू आणि सुरात आणू, गावालाही बरं वाटेल. पण आमच्या टेनरचं बेअरिंग जुन्या पद्धतीचं, वंगणावर चालणारं आहे, दर वर्षी ती जास्तच जड होत चाललीय. शिवाय पावसाळी हवेत दोर आखडतात. पोरं शिकायला येतात, टेनरला हात लावतात, पुढच्या आठवड्यात येत नाहीत. आजची पाचवी घंटा मी बघून आले. त्या गावात आता स्वतःचे वाजवणारे उरलेले नाहीत, आमच्यासारखी पाहुणी मंडळी आली तरच ती बोलते. मी जेवताना गप्प बसले होते, कारण मी इथे सगळ्यांत नवी. गुरुवारच्या बैठकीत गप्प बसणार नाही. पैसे बेअरिंगला. तिसरी तशीच राहू दे, पत्रा तर पत्रा.

आमच्या तुकडीच्या कॅप्टनना आत्ताच मेसेज टाकून ठेवते, नाहीतर उद्या वादनानंतर ते पाद्रीसाहेबांशी बोलून मोकळे होतील.