टाळी वाजवून उठणारा मुलगा

दोन महिने झाले ह्या केसला, फाइल बंद, तरी डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहून काढतोय. गाव, वाडा, तारखा सगळं गाळलंय, ओळखायचा प्रयत्न करू नका, अंत्रुजातल्यांनी, म्हणजे फोंड्याकडच्यांनी, तर मुळीच नको, तुम्ही लोक दोन वाक्यांत कुळदेवापर्यंत पोचता.

मी खाजगी डिटेक्टिव्ह. फोंड्यात ऑफिस, म्हणजे झेरॉक्सवाल्याच्या डोक्यावर एक खोली. धंदा सांगितला की लोक दोनच गोष्टी विचारतात, बंदूक आहे का, आणि नवऱ्याचा मोबाइल हॅक करून द्याल का. दोन्हीला नाही. ह्या धंद्यासाठी 2007 साली संसदेत बिल आलं होतं, कायदा काही झाला नाही, पोलिसांचा एकही अधिकार आम्हाला नाही, कोणाचे कॉल रेकॉर्ड काढायला गेलो तर आत आम्हीच जाणार. मग उरतं काय तर बसणं. गाडीत बसून वाट बघणं, आणि बाटलीचं तोंड रुंद असलेलं बरं, एवढंच सांगतो.

जास्त कामं लग्नाआधीच्या चौकशीची. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालतो, आधी वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर मालमत्ता दोघांची सामाईक. सिव्हिल रजिस्ट्रारकडे पहिली सही, मग नोटीस लागते, मग काही दिवसांनी दुसरी सही. आणि मुलीचे बाप माझ्याकडे कधी येतात, तर पहिली सही अगदी तोंडावर आली की. साखरपुडा होऊन, हॉल बुक होऊन, पत्रिकेचा नमुना खिशात घेऊन येतात. अरे सहा महिने काय करत होता?

हा बापही तसाच. मुलगा सांगतो पणजीच्या एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे, नाइट ड्युटी असते. बापाच्या भाच्यानं त्या हॉटेलात सहज विचारलं तर असा कोणी नाही म्हणाले. बापाचा प्रश्न अगदी नेमका होता आणि असे क्लायंट मला आवडतात: नोकरी आहे की नाही, असली तर काय काम.

गावात पाळत ठेवणं ही काय चीज आहे ते बाहेरच्याला कळणार नाही. पणजीत भाड्याची स्कूटर उत्तम, काळी प्लेट पिवळे आकडे, टुरिस्ट समजून कोणी वळूनही बघत नाही. तीच स्कूटर अंत्रुजातल्या वाड्यावर नेली की पाच मिनिटांत एक म्हातारी फाटकाशी येऊन विचारते, कोणागेर आयल्यात, कोणाकडे आलात? म्हणून गावात मी कधी थांबतच नाही. बाणस्तारीच्या पुलाजवळ थांबलो, तो संध्याकाळी बाइकवरनं आला, मागनं निघालो. जुनं गोवं ठीक गेलं. मग रायबंदरचा कॉजवे. सतराव्या शतकात बांधणाऱ्या पोर्तुगिजांनी डिटेक्टिव्हांचा विचार केलेला नाही, सरळसोट रस्ता, एका बाजूला नदी, दुसरीकडे मिठागरं, वळायला जागा नाही आणि आरशात तुम्ही पणजीपर्यंत दिसत राहता. दोन दिवस मी तिथनंच परत फिरलो. तिसऱ्या दिवसापासून असिस्टंट पणजीत उभी, मी मागे, फोनवर ताबा देत घेत.

तर मुलगा जात होता मांडवीच्या धक्क्यावर. तिथनं स्टाफच्या बोटीनं कॅसिनोच्या जहाजावर.

आणि इथंच अडलं. बोटीत चढला एवढं दिसलं, पण आत काय करतो? किचन, सिक्युरिटी, हाउसकीपिंग, काहीही असू शकतं. आत जाऊन बघावं तर 2020 पासून गोवेकरांना कॅसिनोत खेळायला बंदी, कामाला नाही, खेळायला. माझ्या आधारवर फोंडा लिहिलंय, असिस्टंटच्या म्हापसा. दिल्लीहून काल उतरलेला माणूस टेबलावर बसू शकतो आणि मी इथं जन्मलेला धक्क्यावर डास मारत बसलो. असो, बंदी चूक आहे असं म्हणत नाहीये, पण धंद्याचं खोबरं झालं.

म्हणून रात्री गाडीतच. रोस ऑम्लेट, म्हणजे रश्शातलं ऑम्लेट, खायचं आणि तो पहाटे परततो का, कोणाबरोबर, ते लिहायचं. असिस्टंट तेवीस वर्षांची, हुशार, पण तोंड बंद राहत नाही, आणि तिला त्या जपानी डिटेक्टिव्ह कॉनानचं वेड. मी बाबूराव अर्नाळकरांचे काळा पहाड नि झुंजार वाचून ह्या धंद्यात आलेला माणूस, मला कॉमिक म्हटलं की पोरखेळ. पण रात्री काढायच्या होत्या, तिनं सगळं सांगितलं.

गोष्ट 1994 पासून चालू आहे, 2021 मध्ये शंभरावा खंड आला, अजून संपलेली नाही. शिनिची नावाचा सोळा-सतरा वर्षांचा डिटेक्टिव्ह, गुंड त्याला विष पाजतात, मरायच्या ऐवजी तो पहिलीतल्या पोराएवढा होतो. शेजारचा प्रोफेसर सांगतो, तू जिवंत आहेस हे कोणाला कळू देऊ नको, कळलं तर आसपासच्या सगळ्यांच्या जिवाला धोका. मग हा कॉनान नाव घेऊन राहायला जातो कुठं, तर जिच्यावर प्रेम आहे त्या रानच्याच घरी. आणि रान ह्या लहान पोराला लगेच सांगून बसते की मला शिनिची आवडतो. म्हणजे त्याला तिच्या मनातलं सगळं ठाऊक, तिला त्याचं काहीच नाही.

मी म्हटलं, ती काय मठ्ठ आहे? बाप डिटेक्टिव्ह, स्वतः कराटे चॅम्पियन, एकाच घरात चष्मेवाला पोर खुनाची केस सोडवतो आणि हिला कळत नाही?

कळतं सर, ती म्हणाली, तीच तर गंमत, तिला कितीदा संशय येतो आणि प्रत्येक वेळी बरोबर येतो. मग लेखक काय करतो, तर तिचा बरोबर आलेला अंदाज खोटा पाडायला नायकाला एक ट्रिक देतो. शाळेच्या नाटकाच्या वेळी तर त्याची एक मैत्रीण कॉनानचं सोंग घेऊन हजर राहते, म्हणजे दोघं एकाच वेळी दिसले, संशय मिटला. खुन्यासमोर वापरायची अक्कल तो तिच्यासमोर वापरतो.

हे मला खटकलं आणि अजून खटकतं. संशयित म्हणूनच वागवतो की तिला. असिस्टंटचं म्हणणं, सर, खरं सांगितलं तर मालिका संपेल. बरोबर आहे, पण म्हणून लेखकानं काय शक्कल काढलीय बघा, गुपित तसंच ठेवून प्रेम पुढं सरकवलं. लंडनमध्ये तो तिला मनातलं सांगतो. कितीतरी खंडांनंतर क्योटोच्या सहलीत ती होकार देते. म्हणजे आता दोघांचं जमलेलं आहे, रीतसर, आणि तरी तिला माहीत नाही की तो रोज आपल्याच घरी जेवतो! आमच्या धंद्यात ह्याला फसवणूक म्हणतात, आणि असला रिपोर्ट मी लाल पेननं लिहिला असता.

पण मग होम्स तरी कुठं धुतल्या तांदळासारखा. 1904 च्या एका गोष्टीत तो प्लंबरचं सोंग घेऊन एका ब्लॅकमेलरच्या मोलकरणीशी चक्क लग्न ठरवतो, घराची माहिती काढायला. वॉटसन विचारतो, त्या मुलीचं काय? होम्स खांदे उडवतो. पुढं तिचं काय झालं, काही नाही, गोष्ट संपली. असिस्टंट म्हणे, सर, आपल्याला चालेल असं? म्हटलं, करून बघ, जामीन मी देणार नाही. त्यापेक्षा आपला बंगाली ब्योमकेश बरा, एका केसमध्ये सत्यवती भेटली, लग्न केलं, बायको घरात, लपवाछपवीचा विषयच संपवला.

ती पुढं म्हणाली, सर, काही फॅन्स म्हणतात की रानला आता सगळं ठाऊक आहे, तो सांगेल म्हणून ती वाट बघतेय. मी हसलो. म्हटलं, फॅन लोकांना कामधंदे नसतात.

सहाव्या दिवशी केस सुटली, ती पण धक्क्यावर नाही, फोंड्यात चहाच्या हॉटेलात. सकाळी मुलगा एकटाच आला, पातळभाजी-पाव खाल्ला, मी दोन टेबलं सोडून पेपरामागे. खाऊन झालं, उठायच्या आधी त्यानं दोन्ही हात टेबलावर पुढं घेतले, हलकी एक टाळी, आणि तळवे उताणे करून उलटे केले. एक सेकंद. मग उठून पैसे द्यायला गेला.

माझा मावसभाऊ दोन वर्षं डीलर, म्हणजे टेबलावर पत्ते वाटणारा, होता म्हणून मला कळलं. कॅसिनोत डीलर टेबल सोडताना असंच करतो, वरच्या कॅमेऱ्याला दाखवायचं की हातात एकही चिप नाही. हजार वेळा केलं की अंगात मुरतं, मावसभाऊ लग्नाच्या पंगतीतून पण तसाच उठायचा. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू, बत्तीस वर्षांत होम्सवाणी एक निष्कर्ष काढायला मिळाला आणि समोर वॉटसन नाही, फक्त वेटर.

दुपारी रिपोर्ट टाइप करत होतो. दारात एक मुलगी. फोटोत बघितली होती, लगेच ओळखलं. बापानं दिलेल्या अॅडव्हान्सची पावती तिला त्याच्या शर्टाच्या खिशात सापडली होती. (पावतीवर ऑफिसचं नाव छापू नये हा धडा मी तेव्हा शिकलो. इतक्या वर्षांनी.)

बसली. पाणी घेतलं. म्हणाली, काका, तो कॅसिनोत आहे ते मला माहीत आहे.

मी गप्प. क्लायंट तिचा बाप, मी हो-नाही काहीच बोलू शकत नाही. मग तिनं टेबलावर हात पुढं केले, टाळी वाजवली, तळवे दाखवले. "जेवून उठला की हे करतो. विचारलं तर म्हणतो सवय. मी व्हिडिओ बघून शोधलं, आठ महिने झाले."

त्याला बोलली का नाहीस, एवढंच मी विचारलं. म्हणाली, त्याला वाटतं बाबा लग्न मोडतील, म्हणून तो मला सांभाळतोय. मी त्याला ड्युटीवर निघताना रोज विचारते, आज रूम किती भरल्यात? तो आकडा सांगतो. रोज वेगळा सांगतो, विचार करून.

हे ती हसत सांगत होती की काय ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

मग म्हणाली रिपोर्ट दाबा असं मी म्हणत नाही, फक्त चार दिवस थांबा, तो सांगतो का बघू. कोपऱ्यात असिस्टंट बसलेली, माझ्याकडे अशी बघत होती की फॅन लोकांना कामधंदे नसतात हे वाक्य मला परत गिळावं लागलं.

सहा दिवस मी त्या मुलाच्या मागे फिरलो. तो कधी निघतो, काय खातो, कुठल्या बोटीत चढतो. मुलीकडे एकदाही बघितलं नाही, ती माझ्या लेखी ज्याच्यापासून लपवायचं ती. कॉनानमध्येही आपण पहिल्या पानापासून त्याच्याच बाजूनं असतो, गुपित त्याचं आणि वाचकाचं, मग ती मठ्ठ वाटणारच.

चार दिवस मी थांबलो, बिल टाइप होतंय असं बापाला सांगितलं. चुकलं का, माहीत नाही, पैसे त्यानं दिलेले. पाचव्या दिवशी रिपोर्ट दिला, खरा, डीलर म्हणून. मुलीचा फोन आलेला नव्हता. बापानं माझ्यासमोरच वाचला, चष्मा वर केला आणि म्हणाला, "काम करता मरे? मागीर कितें? पगार कितलो?" काम करतो ना, मग काय, पगार किती.

बस. एवढंच. ज्याच्या भीतीनं पोरगा रोज रूमचे आकडे बनवत होता, तो माणूस पगार विचारत होता.

रिपोर्टमध्ये एक ओळ मी घातली नाही, की मुलीला हे आधीपासून ठाऊक आहे. प्रश्न तो नव्हता, असं मी स्वतःला सांगतो. असिस्टंट म्हणते, सर, तुम्ही प्रोफेसर झालात. मुलानं तिला सांगितलं का, की बापानंच परस्पर काढलं, मला कळलेलं नाही. पहिली सही झाली एवढं कानावर आलंय.

अर्धी फी अजून यायची आहे. फोन करायला हवा, तीन वेळा नंबर काढून ठेवला. पण तो उचलल्या उचलल्या विचारणार, चेडवाक खबर आसा? पोरीला माहीत आहे का?