भोरड्या अपडेट: थव्याच्या फोटोत गुलाबी रंग आला एकदाचा!

आला, गुलाबी आला! काल संध्याकाळी ठाणे खाडीच्या पश्चिम काठावर, भांडूप पंपिंगला, भोरड्यांचा (गुलाबी मैनांचा) थवा पाणकणसात, म्हणजे खाडीकाठच्या उंच गवतात, उतरायच्या आधी वळला आणि सलग काढलेल्या फोटोंच्या त्या बर्स्टमधल्या काही फ्रेममध्ये पाठी चक्क गुलाबी दिसतायत. शंभर टक्के झूम करून पाहिलं, डोकं काळं, पंख काळे, मधे गुलाबी, सगळं सुटं सुटं कळतंय.

याआधी मी खाडीच्या पलीकडच्या काठावरून, ऐरोलीहून, फोटो काढले होते. तिथून खाडी पश्चिमेला, सूर्य समोर, त्यामुळे थव्याचा आकार झकास मिळतो पण रंग शून्य. भांडूपहून खाडी पूर्वेला, सूर्य पाठीशी, म्हणून इकडे आलो. पण पाठीशी नुसता सूर्य नाहीये ना, टॉवर आहेत! सूर्यास्ताला चांगली वीसेक मिनिटं असतानाच सावली पाणकणसावर येते, आणि भोरड्या गोळा होतात नेमक्या त्यानंतर. मग आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वीस हजारावर न्यावा लागतो, फोटो दाणेदार येतो आणि गुलाबीचा होतो राखाडी. ते दाणे काढणाऱ्या डीनॉइज सॉफ्टवेअरवर माझा अजिबात भरवसा नाही, दाट थव्यात तो शेजारचे दोन पक्षी एकमेकांत मिसळून टाकतो, एका पक्ष्याला तीन पंख. रंग हवा तर खरा उजेडच हवा.

काल बहिरी ससाणा आला. बराच वेळ टॉवरच्या उंचीवर घिरट्या घालत होता, मग खाली झेपावला आणि अख्खा थवा घट्ट होऊन वर उचलला गेला, इतका वर की सावलीच्या बाहेर पडला! खाली सगळं निळसर आणि वर हे उन्हात. डावीकडे वळताना पाठी आमच्याकडे झाल्या आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गुलाबी सरकत गेला. बहिरीला काही मिळालं नाही, दोनदा प्रयत्न करून तो खाडीपलीकडे गेला.

सेटिंग विचारणार म्हणून सांगतो: लेन्स ३०० एमएम, अॅपर्चर एफ/८, शटर १/१६००, आयएसओ २५००च्या आसपास. कॅमेऱ्याचं बर्ड डिटेक्शन (पक्षी ओळखून आपोआप फोकस करणारी सोय) बंदच ठेवा, हजारो पक्षी असले की ते एकावरून दुसऱ्यावर उड्या मारत बसतं. फुल फ्रेमवर ३०० एमएम एफ/८चं हायपरफोकल (जिथे फोकस लावला की त्याच्या निम्म्या अंतरापासून पुढचं सगळं पुरेसं स्पष्ट येतं ते अंतर) साधारण ३७५ मीटर येतं, तेवढ्या लांबच्या कशावर तरी फोकस लावून मॅन्युअलला टाकला की १९० मीटरच्या पुढचं सगळं चालून जातं. ६०० एमएमचा झूम या कामाला नको, थवा फ्रेममध्ये मावत नाही आणि वळला की हातचा जातो.

आता बहिरी रोज थोडाच येणार, त्यामुळे सावलीच्या वरचा थवा पकडायला आणखी मागे, बंधाऱ्याच्या उंच भागावर उभं राहायचं असा प्लॅन होता. पण हे लिहिता लिहिता दुसरंच सुचलं. सूर्य आत्ता नैऋत्येकडे मावळतोय, २० मार्चपर्यंत तो बरोबर पश्चिमेला सरकणार, आणि माझ्या जागेवरून त्या दिशेला दोन टॉवरच्या मधे चांगली रुंद फट आहे! म्हणजे मार्चमधे काही संध्याकाळी उजेड थेट पाणकणसापर्यंत यायला हवा. कंपास घेऊन फटीचा कोन मोजतो, मग नक्की तारखा सांगतो.

आणि मार्चच बरा, कारण तोवर पक्षीही जास्त गुलाबी होतात. त्यासाठी पिसं बदलत नाहीत, नव्या पिसांच्या मळकट कडा झिजतात आणि खालचा रंग उघडा पडतो. कालच्या क्रॉपमध्ये एका नराच्या पाठीवर त्या कडा अजून स्पष्ट दिसतायत, खवल्यांसारख्या. मग काटेसावरीच्या फुलांवर बसलेल्या भोरड्यांचे क्लोजअप आत्तापासून दर आठवड्याला काढायचे, झीज कशी होते ते एका ओळीत लावून बघता येईल. एप्रिलमधे मंडळी मध्य आशियाकडे निघतात, तेवढाच वेळ आहे. मुलुंड-ठाण्याकडे कुणाला सावर फुललेली दिसली आणि त्यावर भोरड्या असतील तर लगेच कळवा, सकाळी आठच्या आत पोचायची माझी तयारी आहे.