क्रूझचे चाकरमानी

मध्य फ्रान्समधल्या क्रूझ जिल्ह्यात, मिलव्हाशच्या पठारावरील एका वाडीवजा गावात मी तीन वर्षांपासून राहते आहे. गावात दुकान एकही नाही. आठवड्यातून तीनदा पावाची गाडी चौकात येऊन भोंगा वाजवते, तेव्हा घराघरांची दारे उघडतात आणि पंधरा मिनिटे का होईना, गाव एकत्र येते. जमलेल्या सर्वांना ‘बाँजूर’ म्हटल्याखेरीज पाव मागायचा नाही, हे मी पहिल्याच आठवड्यात शिकले. शेजारच्या आजी पाव हातात पडताच त्याचे कुरकुरीत टोक मोडून तोंडात टाकतात आणि मग पावसापाण्याची, गुरांची, आजाऱ्यांची विचारपूस सुरू होते.

घरे सगळी ग्रॅनाइटची आहेत, आणि दारांच्या चौकटींचे दगड इतके नेमके घडवलेले आहेत की ते घडवणाऱ्यांविषयी विचारल्यावाचून राहवत नाही. एकोणिसाव्या शतकात इथल्या निकस जमिनीवर पोट भरत नसे, म्हणून दरवर्षी वसंतात हजारो पुरुष गवंडीकामासाठी पॅरिसला जात आणि थंडी पडली की परतत. रेल्वे येण्यापूर्वी हा प्रवास बराचसा पायी होई. मार्तँ नादो हा याच जिल्ह्यातला मुलगा १८३० मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, वडिलांबरोबर असाच चालत निघाला आणि १८४९ मध्ये लोकप्रतिनिधी म्हणून संसदेत पोहोचला. मागे शेती, गुरे आणि म्हातारी माणसे बायकांनी सांभाळली. माझे आजोळ रत्नागिरीकडचे. आजोबा मुंबईला गिरणीत आणि आजी गावी भातखाचरात. त्यामुळे ही हकिकत मला परकी वाटलीच नाही.

पुढे कुटुंबेच्या कुटुंबे शहरात स्थिरावली आणि जिल्ह्याची लोकसंख्या १८५०च्या सुमारास होती त्याच्या निम्म्याहूनही खाली आली. जे उरले होते त्यांतले कितीतरी तरुण १९१४ ते १९१८ च्या युद्धाने नेले. जवळच्या जाँसियू गावातील १९२२ चे स्मारक पाहताना मी बराच वेळ हलू शकले नाही. तिथे विजयी सैनिक नाही. शाळकरी अंगरख्यातला, पायांत लाकडी खडावा घातलेला एक पोरका मुलगा हातात टोपी धरून उभा आहे आणि वळलेली मूठ ‘युद्धाचा धिक्कार असो’ या अक्षरांकडे उगारतो आहे.

इतके रिते होऊनही गाव मोडत नाही, याचे मोठे कारण मला ‘मेरी’ म्हणजे नगरपालिकेचे छोटे कार्यालय वाटते. फ्रान्समध्ये असे सुमारे ३५,००० स्थानिक घटक आहेत आणि गाव केवढेही लहान असले तरी त्याला स्वतःचा निवडून आलेला महापौर असतो. कायद्याने लग्न लागते ते तिथेच. चर्चमधला विधी त्यानंतर. आमची मेरी आठवड्यातून दोनच अर्धे दिवस उघडी असते, पण रस्त्यावरचा दिवा गेला तर कोणाला सांगायचे हे प्रत्येकाला ठाऊक असते.

ऑगस्टमध्ये मात्र पॅरिसकर परततात. गेल्या वर्षी जुलै संपता संपता, आजींच्या भाच्याचे वर्षभर बंद असलेले घर उघडायला मीही गेले होते. आम्ही खिडक्यांच्या जड लाकडी झडपा ढकलल्या, गाद्या उन्हात टाकल्या आणि चुलीतली राख उपसली. दुसऱ्या दिवशी भोंगा वाजला तेव्हा आजी सर्वांच्या आधी चौकात पोहोचल्या आणि पाववाल्याला म्हणाल्या, “शनिवारपासून मला चार पाव जास्त ठेवा.”