पेंटर हे आडनाव

रविवार, रात्री

आज दुपारी माळ्यावरून वडिलांची पत्र्याची पेटी खाली काढली. इनॅमल रंगाने कडक झालेले चार चपटे ब्रश, हात टेकवण्यासाठी टोकाला चिंधी बांधलेली काठी आणि निळीने माखलेला सुती दोरा, एवढेच तिच्यात उरले आहे. दोरा दोन्ही टोकांना ताणून टिचकीसरशी सोडला की फळीवर सरळ निळी रेघ उमटे आणि त्या रेघेला धरून वडील दुकानाच्या नावाचे एकेक अक्षर खाली उतरवत. मंगळवार पेठेत त्यांचे खरे आडनाव फार थोड्यांना ठाऊक होते. ते ‘पेंटर’ होते आणि आम्ही ‘पेंटरांची मुले’.

कोल्हापुरात या शब्दाला मान आहे, तो आनंदराव आणि बाबूराव या भावांमुळे. त्यांचे मूळ आडनाव मेस्त्री, परंतु नाटकांचे पडदे रंगवता रंगवता लोकांनी त्यांना पेंटर केले आणि तेच नाव कायमचे राहिले. 1916 साली आनंदराव गेले, तेव्हा दोघांनी मिळून आरंभलेले कॅमेऱ्याचे काम अपुरे होते. ते बाबूरावांनी जिद्दीने पुरे केले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचे चित्रपट या शहरात घडू लागले. त्यांतला मला सर्वांत मोलाचा वाटतो तो 1925 सालचा ‘सावकारी पाश’. देवादिकांच्या आणि राजेरजवाड्यांच्या कथांना सरावलेल्या पडद्यावर कर्जापायी जमीन गमावलेला शेतकरी उभा राहिला, तेव्हा समोर बसलेल्या कुळंब्याला आपलीही गोष्ट सांगण्याजोगी आहे, हे प्रथमच दिसले असेल. एरवी आपण म्हणतो की कलेत समाजाचे प्रतिबिंब पडते. मला मात्र वाटते की कित्येकदा आधी चित्र येते आणि मग माणूस त्यात स्वतःला ओळखू लागतो.

रंकाळा तलावाचेच पाहा. आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून परतले आणि शाहू महाराजांच्या आश्रयाने त्यांनी इथली तळी, घाट, झाडे आणि बदलता उजेड आयुष्यभर रंगवला. कुराणाच्या हस्तलिखित प्रती करणाऱ्या घराण्यातल्या या माणसाने रंकाळ्यातल्या दगडी संध्यामठाकडे ज्या मायेने पाहिले, ती माया या शहराच्या नजरेत मुरली आहे. सायंकाळी तिथे पाणी तांबूस होते, तेव्हा मी रंकाळा पाहत असतो की आबालालांचे चित्र, हे मला अजूनही वेगळे करता येत नाही. महाराजांच्या निधनानंतर, 1922 साली, त्यांनी आपली अनेक चित्रे कोटीतीर्थाच्या पाण्यात सोडल्याचे जुनी माणसे सांगतात. ते आठवले की जीव तुटतो.

शिवाजी चौकाचा इतिहास तर उघड संघर्षाचा आहे. तिथे गव्हर्नर विल्सनचा पुतळा होता. स्वातंत्र्यलढ्यात तो विद्रूप करण्यात आला आणि 1945 साली त्या जागी शिवरायांचा पुतळा उभा राहिला. दगडाधातूत कोणाला उभे करायचे, हा प्रश्न आपण कोण आहोत या प्रश्नापासून वेगळा नाही, हे त्या वेळच्या कोल्हापूरकरांना नीट कळत होते.

तरीही ही ओळख बंदिस्त नाही. टाउन हॉलच्या संग्रहालयात पोसायडन या ग्रीक सागरदेवाची लहानशी कांस्यमूर्ती आहे. ती पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीला सापडली. समुद्र घाटांपलीकडे असलेल्या या गावात तो देव कोणाच्या तरी घरात मांडलेला असेल, या कल्पनेने मी दर खेपेस तिथे थबकतो.

मुलीने नव्या घराच्या दारावरची पाटी मलाच लिहायला सांगितली आहे. संध्याकाळी दोरा पुन्हा निळीत भिजवला, फळीवर ताणला आणि सोडला. रेघ किंचित फरकटली, म्हणून पुसून पुन्हा मारली. तिने फक्त आडनाव सांगितले होते; मी पुढे ‘पेंटर’ हा शब्द मावेल एवढी जागा मोजून ठेवली आहे.